अर्ध्या इंचाची जाळी

लालबाग, ३ फेब्रुवारी २०२५

विकास,

पत्रास कारण बदकं. बाकी काही नाही, आई बरी आहे.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर पंधरा दिवस एकच टिक दिसते, म्हणजे मला ब्लॉक केलंयस एवढं मलाही कळतं. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही. तेव्हा हे वाच, नाहीतर चुलीत घाल. कुडाळच्या घरात चूल अजून असेलच.

बाबांची बदकं सात होती, आता पाच राहिली. परवा सकाळी मागच्या अंगणात गेलो तर दोन मेलेली. खाल्लेली नव्हती. धडं जागच्या जागी आणि मुंडकी नाहीत. बाबांनी ती जुनी कोंबडीची जाळी लावली होती ना, सहा कोनांच्या भोकांची, तिला टेकून झोपली असणार. बाहेरून कुणीतरी मान धरून ओढली. त्या भोकातून मुंडी बाहेर येते, अंग येत नाही. बाकीची पाच एका कोपऱ्यात गप्प उभी होती, दाणे टाकले तरी पुढे आली नाहीत.

मांजर असेल, मुंगूस असेल. गिरणीच्या पडक्या भिंतीपलीकडे आता टॉवरचं काम चाललंय, खणाखणी सुरू झाल्यापासून तिथली सगळी जनावरं आपल्या चाळीकडे सरकली आहेत. घुशी तर मांजराएवढ्या. धम्मपाल म्हणाला, बदकं विकून टाक. धम्मपाल आठवतो ना, माझ्याबरोबर वेल्डिंगला असतो तो, नायगावचा. त्याला म्हटलं, तीस वर्षं मी अख्ख्या लालबाग-परळच्या खिडक्यांना ग्रिलं लावली, आणि माझ्या बापाची बदकं माझ्या डोळ्यांदेखत मरायची का? लोक हसतील.

म्हणून सगळं नव्याने करतोय. चारी बाजूंनी, वरून, खालून. वीस बाय बाराची तर पट्टी आहे आपल्या खोलीमागची, त्यातली अर्धी घेतो. वरूनही बंद करायला हवं, कारण एक कावळाही आहे. बाणगंगेवरून आपण आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर येऊन बसतो. ओरडत नाही. कावळे अंडी पळवतात, म्हणून सांगितलं.

बाणगंगेचा विषय निघालाच आहे तर लिहितो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला, आणि तू त्याच संध्याकाळी पिशवी उचलून गेलास. आईशी धड बोललाही नाहीस. असं होतं कधीकधी. मुंबईत हल्ली कावळेच कमी झालेत. आणि बाबा आजारी असताना 'विकासला कळवू नका' हे बाबांनीच सांगितलं होतं, ते मी तुला तू आलास त्याच दिवशी सांगितलं. त्याचा राग माझ्यावर काढण्यात अर्थ नाही. मी सांगकाम्या.

बाबा बदकांना सकाळी नुसता कोंडा घालायचे की भिजवलेला भात त्यात कालवायचे? लहानपणी तूच त्यांच्या मागे मागे असायचास. कळव.

प्रफुल्लदादा


लालबाग, १६ फेब्रुवारी

विकास,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. भात कालवून घालतोय, खातात.

जाळी झाली. तू बघायला हवी होतीस. सव्वा इंची अँगलचा सांगाडा, त्यावर अर्ध्या इंचाचा वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली चौकोनी जाळी. करंगळी जात नाही, मी माझी घालून बघितली. जमिनीत दीड फूट चर खणून जाळी खाली उतरवली आणि तळाशी बाहेरच्या बाजूला फूटभर दुमडली, परकराच्या झालरीसारखी. घूस भिंतीच्या अगदी मुळाशी खणते, तिला मागे सरून खणायचं सुचत नाही. तिचं नाक त्या झालरीवर आपटणार. वरचं छप्परही त्याच जाळीचं, कडेला दोन-दोन इंच एकावर एक घेऊन वेल्डिंगचे टाके मारलेत. दाराला दोन कड्या, एक वर, एक खाली, आणि टाळं. किल्ली माझ्या गळ्यात. धम्मपाल म्हणाला, "प्रफुल्लदा, आर्थर रोडला पण एवढा बंदोबस्त नसेल." मी म्हटलं, तिथे माझ्या हातचं काम नाही.

मंगळवारी दुपारी बदकं आत सोडली. बुधवारी सकाळी साडेसहाला दार उघडायला गेलो. पाचही जिवंत होती, ओळीने बसलेली, सगळ्यांची तोंडं आतल्या कोपऱ्याकडे. मला बघून एकही हललं नाही. एरवी पायांत घोटाळतात.

कोपऱ्यात, पाण्याच्या टबाच्या काठावर, कावळा बसला होता.

मी आधी टाळं बघितलं. टाळं लागलेलं, दोन्ही कड्या लागलेल्या. मग दार उघडून झाडू घेऊन आत गेलो. तो फडफडला नाही की घाबरला नाही. झाडू अगदी अंगाला लागल्यावर टबावरून उतरला आणि माझ्या पायांजवळून चालत, अगदी चालत, दारातून बाहेर गेला. बदकं त्याच्या मागून दारापर्यंत आली आणि थांबली.

धम्मपालला बोलावून घेतला. आम्ही दोघांनी एकेक जोड तपासला. तो आत बसला, मी बाहेरून सगळीकडे पाण्याचा पाइप मारला, कुठे जास्त पाणी येतं का ते बघायला. कुठे काही नाही. तो म्हणाला, "आदल्या दिवशी बदकं सोडताना दार उघडं होतं, तेव्हाच घुसला असेल. लक्ष नव्हतं तुझं." असेल. माझं लक्ष नव्हतं असं कधी होत नाही, पण असेल.

तू इथे नाहीस म्हणून तुला लिहायला बरं वाटतं. समोर असतास तर हसला असतास.

प्रफुल्लदादा


लालबाग, २७ फेब्रुवारी

विकास,

आई बरी आहे असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तेव्हा होती.

तो कावळा आणखी चार वेळा आत सापडला. चारही वेळा टाळं जसंच्या तसं. दुसऱ्या वेळेनंतर मी छपराच्या कडेला पट्टी वेल्ड केली. तिसऱ्या वेळेनंतर टाळं बदललं. चौथ्या वेळेला मी त्याला हाकललंच नाही, दार सताड उघडं ठेवून कामावर गेलो. संध्याकाळी आलो तर तो आतच, आणि दारासमोर स्टूल टाकून आई बसलेली.

मी तिला हे काही सांगितलं नव्हतं. तिला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे, हल्ली तर कानाशी ओरडावं लागतं. ती आत घरात बसलेली असते, अंगणात येतच नव्हती बाबा गेल्यापासून. आणि आता स्टुलावर बसून, पदर डोक्यावर घेऊन, त्याच्याशी बोलत होती. बाबांशी बोलायची त्याच आवाजात. मध्येच थांबायची, मान हलवायची आणि मग उत्तर द्यायची.

तिने केळीच्या पानावर भात आणि बांगड्याचं तिखलं वाढून आत ठेवलं होतं. त्याने त्याला चोच लावली नव्हती. बदकांनीही नाही. बदकं मासळी सोडतात का कधी? पानाभोवती पाचही गोल करून बसली होती.

"जेवा हो," आई म्हणत होती. "थंड जाता."

मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, आई, तो कावळा आहे. ती माझ्याकडे बघून हसली, मला काही कळत नाही असं. तू लहान असताना असं हसायची तुझ्याकडे, मी नाही कधी पाहिलं माझ्या वाट्याला. मग म्हणाली, "ते विचारतत, क्रॉसिंगाक गाडी किती वेळ थांबता?"

विकास, मी स्टुलाशेजारी खाली जमिनीवरच बसलो. का बसलो ते आता लिहीत नाही.

आता अंगणात आवाजच नाही. पाच बदकं असलेली जागा किती कलकल करते तुला माहीत आहे, शेजारच्या माया वहिनी रोज तक्रार करायच्या. परवा त्याच विचारायला आल्या, बदकं विकली का म्हणून. टॉवरवाल्यांचं मशीन बंद झालं की पलीकडच्या रस्त्यावरच्या बसचं ब्रेक लागणं ऐकू येतं, इतकं शांत. मी आत उभा राहतो तेव्हा सहा जनावरं माझ्याकडे बघत असतात आणि माझा श्वास मला ऐकू येतो.

आई दोन दिवस अर्धंच जेवतेय. 'तेंनी खाल्ल्यानी नाय, मगे माझ्या घशाखाली कसा उतरतला?' हे तिचं म्हणणं.

तुला वाटेल, मी तुला बोलावण्यासाठी आईचं नाव पुढे करतोय. वाटू दे. ये.

प्रफुल्लदादा


लालबाग, ९ मार्च, रविवार

विकास,

आज तिसरा दिवस, आईने अन्नाला हात लावलेला नाही. पाणी घेते, काल बळेबळे अर्धा पेला नारळाचं पाणी घेतलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत नाही खाल्लं तर ॲडमिट करून सलाइन लावू, पण या वयात शरीर लवकर खचतं, समजवा त्यांना. मी समजवायचं. ज्याच्यामुळे हे झालं त्यानेच.

धम्मपालने आज वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून मला सरळ विचारलं. "मी कावळा-बिवळा मानत नाही, तुला माहितीय. आमच्यात हे नाही. पण तू काहीतरी दाबून ठेवलंयस, ते मानतो. महिनाभर बघतोय, तू जाळी बदकांसाठी नाही बांधलीस." मग त्याने आपला फोन माझ्या हातात दिला, म्हणाला, माझ्या नंबरवरून कर भावाला. मी केला. तू उचललास. "हॅलो, कोण?" म्हणालास. मी कट केला. ते मीच होतो.

तर आता लिहितो. एका दमात लिहितो, खाडाखोड केली तर जमणार नाही.

बाबांनी 'विकासला कळवू नका' असं कधीच सांगितलं नाही.

जानेवारीच्या सात तारखेला डॉक्टरांनी हॉस्पिटलमधून घरी न्यायला सांगितलं, तेव्हा टॅक्सीतच त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर, "विकासाक कळवलंस?" मी हो म्हटलं. कळवलं नव्हतं. तेव्हा मनात होतं, घरी पोचलो की करू. घरी पोचलो, त्यांना झोपवलं, कपडे बदलले, खालचं सगळं साफ केलं. तू गेल्यापासून नऊ वर्षं घरातलं सगळं मीच करत होतो. ते डोळे मिटून पडले होते आणि तुझं नाव घेत होते. मी त्यांचं धोतर धूत होतो आणि ते तुझं नाव घेत होते. मला राग आला. एवढंच कारण आहे, विकास, याहून मोठं कारण शोधलं तरी सापडत नाही. तू नऊ वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून गावच्या कलमांच्या मागे गेलास, ते म्हणाले 'परत हा उंबरा चढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील', आणि तू खरंच चढला नाहीस. दोघेही ताठ. मधे मी. आणि आता शेवटच्या चार दिवसांसाठी येऊन तू त्यांच्या उशाशी बसणार, ते तुझा हात धरणार, आणि मी चहा करणार. मला ते बघायचं नव्हतं.

पण त्यांना नाही म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून मी तुला गाडीत बसवला.

पहिल्या दिवशी म्हटलं, तिकीट काढलंय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, मांडवी एक्सप्रेसने निघाला. त्यांना वेळेचं भान राहिलं नव्हतं, सकाळ की संध्याकाळ कळत नव्हतं, त्यामुळे चाललं. दर थोड्या वेळाने विचारायचे, "तो खंय पोचलो?" मी त्यांच्या कानाला तोंड लावून सांगायचो. राजापूर गेलं बाबा. रत्नागिरी आली. तिसऱ्या दिवशी चिडले, "एवढो वेळ?" मी म्हटलं, सिंगल लाइन आहे बाबा, क्रॉसिंगला थांबलीय, समोरून मालगाडी येतेय. ते समजल्यासारखी मान हलवायचे. मग चिपळूण. मग एक अख्खी दुपार मी तुला पनवेलला थांबवून ठेवला, कारण पुढे आणायचं म्हणजे आणून दाखवायला लागणार होतं. तरीही फोन केला नाही. खिशात होता. हात लावायचो आणि काढायचो.

अकरा तारखेला सकाळी मी म्हटलं, दादरला उतरला, टॅक्सीत बसलाय. का म्हटलं ते मला माहीत नाही. त्यांचा श्वास वेगळा लागला होता, बहुतेक म्हणून. त्यांनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. म्हणाले, "माका शर्ट घाल." उघड्या अंगाने तुला भेटायचं नव्हतं त्यांना. मी तो पांढरा, कडक कॉलरचा, घातला. बटणं लावली. उशी लावून थोडं बसवलं. त्यांनी दाराकडे तोंड केलं. आणि तसेच गेले.

तुला मी फोन केला तो त्यानंतर. तू दुसऱ्या दिवशी आलास, तेव्हा विचारलंस, चार दिवस आजारी होते तर मला का नाही सांगितलं. मी तेव्हाच ते वाक्य तयार केलं, उभ्या उभ्या, की बाबांनीच सांगितलं होतं कळवू नका. आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं की तुला कळवलंय, तू निघालायस. म्हणून ती तुला 'इतको उशीर का केलंस' म्हणाली. तुला वाटलं, नऊ वर्षांचं म्हणतेय. तू तिच्या पायांवर डोकं ठेवून रडलास आणि मी दारात उभा राहून बघत होतो.

आणि मग बाणगंगा. कावळे होते त्या दिवशी, विकास. समोरच्या देवळाच्या छपरावर वीस-पंचवीस बसले होते, मी तुला खोटं लिहिलं. एकही खाली उतरला नाही. तू हात जोडून मोठ्याने म्हणालास, बाबा, आईला सांभाळीन. नाही आले. बाबा, येत जाईन. नाही. मग तू म्हणालास, बाबा, मला माफ करा. तीनदा म्हणालास. तिसऱ्या वेळेला तुझा आवाज फुटला. मी तुझ्या शेजारी उभा होतो, कोपर लागत होतं तुझं मला. मला माहीत होतं ते कशासाठी अडलेत. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं.

तू परत गेलास ते हे धरून, की बाबांनी मेल्यावरसुद्धा मला माफ केलं नाही. तसं नाहीये. ते तुझ्यासाठी शर्ट घालून बसले होते.

हे पत्र पोस्टात टाकायला हवं आणि मी ते दोन तास हातात धरून बसलोय.

प्रफुल्ल


लालबाग, ११ मार्च, मंगळवार

विकास,

रविवारचं पत्र पोस्टात टाकलं नाही. याच पाकिटात आहे, ते आधी वाच. दुसऱ्या मजल्यावरचा धनेश शिमग्याला गावी चाललाय, संध्याकाळच्या बसने. त्याचं गाव तुझ्यापासून दोन मैलांवर. त्याला सांगितलंय, पाकीट हातात द्यायचं आणि वाचून होईपर्यंत दारातून हलायचं नाही. पोस्टाने चार दिवस लागले असते, आणि आईकडे चार दिवस आहेत की नाहीत मला माहीत नाही. काल तिने ॲडमिट व्हायला साफ नकार दिला. म्हणाली, ते अंगणात बसलेत आणि मी खाटेवर जाऊन पडू?

आज दुपारी जे झालं ते तसंच्या तसं लिहितो.

बारा वाजता मी रविवारचं पत्र घेऊन अंगणात गेलो. आई स्टुलावर होती, भिंतीला टेकून, तिला आता ताठ बसवत नाही. तो आत, टबाच्या काठावर. मी दोघांच्या मधे उभा राहिलो आणि वाचायला लागलो. आई म्हणाली, "काय?" तिला ऐकू येत नव्हतं. मी मोठ्याने वाचलं. ती म्हणाली, "मोठ्यान सांग." मग मी ओरडून वाचलं, विकास. अक्षर अन् अक्षर ओरडून वाचलं. वरच्या तिन्ही मजल्यांच्या मागच्या खिडक्यांत माणसं आली. माया वहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन उभ्या होत्या. धम्मपाल आला होता, तो मान खाली घालून उभा राहिला. ज्या घरांना मी ग्रिलं लावून दिली त्या ग्रिलांमागून सगळे ऐकत होते, मी माझ्या बापाला कसा फसवला ते. टॅक्सीच्या ओळीला माझा घसा बसला, पण थांबलो नाही.

संपलं तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मारेल, मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तू तेंच्या कानाशी लागून सारखो बोलत होतंस. माका वाटला, तू देवाचा नाव घेतंस."

एवढंच. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही, आणि मी तिला सांगितलंही नाही की बोल.

मला मनातून वाटत होतं, खरं सांगतो, की आता तो पानाला चोच लावेल. तसंच असतं ना, बोलून टाकलं की शिवतो. मी पानाकडेच बघत होतो. तो टबावरून खाली उतरला. पानाजवळून गेला, पानाकडे पाहिलंही नाही. चालत चालत दाराशी आला आणि तिथे थांबला, उंबरठ्याच्या आत, बाहेरच्या बोळाकडे तोंड करून. मग एकेक करून पाचही बदकं उठली आणि त्याच्या मागे येऊन बसली. सगळ्यांची तोंडं बोळाकडे. जिथून रस्त्यावरचा माणूस आपल्या अंगणात येतो तिकडे.

मग मला कळलं. माझ्या कबुलीजबाबाचं बाबांना काही पडलेलं नाही. मी खोटं बोललो, खरं बोललो, हा माझा हिशेब. त्यांना एवढंच माहीत आहे की तू दादरला उतरलायस आणि टॅक्सीत बसलायस. पुढचं मी त्यांना सांगितलंच नाही. दहाव्याला तू आलास तो त्यांच्या लेखी आलाच नाहीस, कारण मी तुला तिथेही खोट्याच्या आड उभा केला होता. दोन महिने झाले, बाबा शर्ट घालून बसलेत आणि तुझी टॅक्सी लालबागला पोचत नाही.

मी दार बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवलंय. झालर, टाळं, कड्या, सगळं फुकट. मांजर येवो, मुंगूस येवो. तीन वाजता एक भला मोठा बोका भिंतीवरून उतरला, दारापर्यंत आला, त्या सहा जणांना बघितलं आणि आला तसा गेला.

चार वाजता टॉवरची सावली अंगणात आली तेव्हा मी परत आत गेलो, जमिनीवर बसलो आणि त्याला सांगितलं की विकासला चिठ्ठी धाडतोय. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदा. पेज करून आईच्या शेजारी ठेवलीय. तिने ती सरकवून ठेवली, सांडली नाही. धम्मपालला वाटतं, हे चांगलं लक्षण आहे.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. तू बाणगंगेवर ते तीनदा म्हणालास आणि मी गप्प होतो, आता माझ्या तोंडी तो शब्द शोभणार नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर मी धम्मपालकडे जाऊन राहतो, तू आलास की निघतो. पण ये. मिळेल ती गाडी धर. शिमग्याची गर्दी उलट्या दिशेने आहे, मुंबईकडे जागा मिळेल.

धम्मपालचा नंबर तुझ्याकडे आला आहे, त्या कट झालेल्या फोनचा. गाडीत बसलास की त्यावर कळव. मग रत्नागिरीला कळव, चिपळूणला कळव, क्रॉसिंगला थांबलात तर तेही कळव आणि किती वेळ थांबलात तेही. मी त्याचा फोन घेऊन त्या जाळीत बसून आहे. तू जे सांगशील तेच मी त्यांना सांगत जाईन.

प्रफुल्ल